सिस्टिमचा टाइम झोन बदलला की लायब्ररी का गडबडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखर कारखाने, यंत्रमाग, मार्केट यार्डातल्या अडती, दूध संकलन केंद्रं यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी बरीच मंडळी सोलापुरात आणि जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडून आणि इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांकडून टाइम झोनबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. तुम्ही स्वतः लायब्ररी लिहीत असाल आणि घाईत असाल, तर प्रश्न ६ तेवढा नक्की वाचा.

१. सिस्टिमची वेळ आणि सिस्टिमचा टाइम झोन या वेगळ्या गोष्टी आहेत का?

हो, आणि निम्म्या चुका इथेच सुरू होतात. ऑपरेटिंग सिस्टिम आतून यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या समान प्रमाण वेळेत, मोजते. लिनक्समध्ये तो १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांचा आकडा असतो. झोन म्हणजे त्या आकड्यावरून भिंतीवरच्या घड्याळाची वेळ काढायचा नियम. झोन बदलला तरी सेकंदांचा आकडा जागचा हलत नाही. त्यामुळे झोन बदलल्यावर दोन नोंदींमधलं अंतर चुकायला लागलं, तर कोणीतरी स्थानिक वेळेतून स्थानिक वेळ वजा केली आहे असं समजा.

लिनक्सवर झोन दोन ठिकाणांहून येतो. आधी टीझेड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाहिला जातो. तो नसेल तर ईटीसी फोल्डरातली लोकलटाइम ही फाइल वाचली जाते, जी बहुतेक वेळा झोनइन्फो फोल्डरातल्या एखाद्या फाइलची लिंक असते. म्हणजे सर्व्हिस सुरू करताना कोणी टीझेड सेट करून ठेवला असेल, तर टाइमडेटसीटीएल या कमांडने झोन कितीही वेळा बदलला तरी त्या प्रोसेसला फरक पडणार नाही. पुढचं काही तपासण्याआधी हे तपासा.

२. भारतात एकच झोन आहे, घड्याळ पुढेमागे करायची पद्धतही नाही. मग आम्ही सोलापुरात बसून याची काळजी का करायची?

गाळप हंगामात कारखान्याचा वजनकाटा रात्रभर चालू असतो. सर्व्हर यूटीसीवर असेल आणि प्रोग्रॅम सर्व्हरच्या झोनमधून तारीख काढत असेल, तर रात्री साडेबाराला काट्यावर आलेल्या ट्रॅक्टरच्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. यूटीसीची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते. रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळेतल्या सगळ्या खेपा चुकीच्या दिवसात जातात. ऑफिसातल्या माणसाला हे महिनोन्महिने कळत नाही, कारण तो कामावर असतो तेव्हा तारीख बरोबरच दिसते. चूक सापडते ती उसाच्या बिलावरून शेतकरी विचारायला येतो तेव्हा. पहाटेचं दूध संकलन आणि यंत्रमागावरची रातपाळी यांची गतही तीच.

दुसरं कारण म्हणजे माणसं आणि माल बाहेर जातात. चादर आणि टॉवेलची निर्यात करणारा मालक लॅपटॉप घेऊन दुबईला उतरतो आणि लॅपटॉप आपोआप दीड तास मागच्या झोनवर जातो. तुमचा प्रोग्रॅम तेव्हा चालूच असतो. याचा विचार केलेलं सॉफ्टवेअर फार कमी दिसतं.

३. झोन बदलला, टास्कबारवरचं घड्याळही बदललं, पण आमचा प्रोग्रॅम जुनीच वेळ दाखवतो. असं का?

कारण तुमची भाषा किंवा लायब्ररी झोन एकदाच वाचते आणि स्वतःजवळ ठेवते. याला कॅशे म्हणतात. झोनची फाइल उघडणं, तिच्यातले नियम वाचणं हे काम प्रत्येक वेळी करणं महाग पडतं, म्हणून हे केलेलं असतं. प्रोसेस बंद करून पुन्हा सुरू केली की नवा झोन येतो, आणि बरेच लोक तिथेच थांबतात. छोट्या दुकानाच्या बिलिंगला तेवढं पुरतंही. रात्रंदिवस चालणाऱ्या सर्व्हिसला नाही पुरत.

एकाच प्रोसेसमध्ये असे कॅशे अनेक असू शकतात, हे लक्षात ठेवा. सी लायब्ररीचा एक, भाषेच्या रनटाइमचा दुसरा, तारखांच्या लायब्ररीचा तिसरा आणि तुम्ही तयार करून ठेवलेल्या फॉरमॅटरमधला (वेळ छापण्याजोगी करून देणाऱ्या ऑब्जेक्टमधला) चौथा. जावातला सिंपलडेटफॉरमॅट तयार होताना त्या क्षणीचा डिफॉल्ट झोन आत घेतो. नंतर डिफॉल्ट बदलला तरी तो जुन्याच झोनमध्ये छापत राहतो. एका स्क्रीनवर नवी वेळ आणि छापलेल्या पावतीवर जुनी वेळ, अशी तक्रार आली की हा चौथा कॅशे आधी पाहा.

४. कोणती भाषा नेमकं काय करते? आणि कॅशे साफ कसा करायचा?

सी आणि ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी): लोकलटाइम हे फंक्शन दर वेळी झोन पुन्हा तपासतं. थ्रेडसाठी सुरक्षित असलेलं लोकलटाइम-आर मात्र एकदा वाचलेल्या झोनवरच चालू शकतं. बहुतेक भाषा आतून दुसरं वापरतात, आणि म्हणून सी मध्ये चालणारी चाचणी दुसऱ्या भाषेत फसते. टीझेडसेट बोलावलं की झोन नव्याने वाचला जातो.

पायथन: युनिक्सवर टाइम मॉड्यूलमधलं टीझेडसेट वापरा. विंडोजवर ते उपलब्ध नाही. ३.९ पासून आलेलं झोनइन्फो मॉड्यूल नावाने मागितलेले झोन आपल्या कॅशेत ठेवतं. तो क्लिअर-कॅशेने साफ होतो. पण ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं सिस्टिमचा झोन कोणता ते पुन्हा विचारतं, दुसरं त्या झोनचे नियम पुन्हा वाचायला लावतं.

जावा: टाइमझोनचं गेटडिफॉल्ट पहिल्यांदा बोलावलं की झोन ठरतो आणि ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नंतर काय बदललं याकडे जेव्हीएम (जावाचे प्रोग्रॅम चालवणारा रनटाइम) पाहत नाही. नव्या पद्धतीचं झोनआयडी सिस्टिमडिफॉल्ट यावरच उभं आहे, त्यामुळे जावा ८ ची जावा-टाइम लायब्ररी वापरली म्हणून हा प्रश्न सुटत नाही. सेटडिफॉल्टला नल दिलं की झोन पुन्हा शोधला जातो. मात्र यूजर-टाइमझोन ही प्रॉपर्टी आधी रिकामी करा. जुन्या आवृत्त्या पहिल्या वेळी सापडलेला झोन त्या प्रॉपर्टीत लिहून ठेवतात आणि पुढे तोच पुन्हा उचलतात. जोडा-टाइम वापरत असाल तर तिचा स्वतःचा वेगळा डिफॉल्ट आहे, तोही बदलावा लागतो.

डॉटनेट: टाइमझोनइन्फोमधलं क्लिअरकॅश्डडेटा बोलवा. टाइमझोनइन्फोमधली 'लोकल' ही किंमत व्हेरिएबलमध्ये धरून ठेवू नका. कॅशे साफ झाल्यावर तुमच्याजवळचा जुना ऑब्जेक्ट 'लोकल' मानला जात नाही आणि रूपांतर करताना एक्सेप्शन येऊ शकतं.

गो: टाइम पॅकेजमधला लोकल एकदाच ठरतो. नवा झोन हवा तर लोडलोकेशनने नावाने मागा किंवा प्रोसेस पुन्हा सुरू करा. मला हा सगळ्यांत स्पष्ट मार्ग वाटतो, कारण इथे गैरसमजाला जागाच राहत नाही.

नोड: नव्या आवृत्त्यांमध्ये चालू प्रोसेसमध्येच टीझेडची किंमत बदलली तर डेट ऑब्जेक्ट ती पाळतो. टेस्टसाठी हे सोयीचं आहे. खऱ्या सर्व्हरवर मात्र याचा आधार घेऊ नका. का, ते पुढे प्रश्न ६ मध्ये आहे.

५. प्रोग्रॅम चालू असतानाच झोन बदलला हे कळण्याची काही सोय आहे का?

मोबाइलवर चांगली सोय आहे. अँड्रॉइड टाइमझोन बदलल्याचा ब्रॉडकास्ट पाठवतं. घड्याळाची वेळ हाताने बदलली तर येणारा ब्रॉडकास्ट वेगळा, त्यामुळे दोन्ही ऐका. आयओएसमध्ये सिस्टिमचा टाइमझोन बदलल्याचं नोटिफिकेशन येतं, शिवाय ऑटोअपडेटिंग-करंट नावाचा झोन आहे जो आपोआप नवा होतो. साधा करंट घेऊन साठवला तर तो जुनाच राहतो.

लिनक्स सर्व्हरवर प्रत्येक प्रोसेसला कोणी निरोप देत नाही. हवं असेल तर लोकलटाइम फाइलवर आयनोटिफायने लक्ष ठेवावं लागतं. लक्ष ईटीसी फोल्डरवर ठेवा. लिंक काढून नवी बसवली जाते, तेव्हा जुन्या फाइलवर ठेवलेलं लक्ष काही सांगत नाही.

६. मी स्वतः लायब्ररी लिहितो आहे. झोन बदलला की लायब्ररीनेच ते ओळखून सगळं सांभाळावं ना?

नाही. हा मोह मोठा आहे, पण तो आवरा. दुबईला गेलेल्या त्या मालकाचंच उदाहरण घ्या. त्याच्या मोबाइलवर दोन गोष्टी आहेत: उद्या सकाळी सातचा गजर आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्याचा पाळीनिहाय अहवाल. गजर दुबईच्या सातला व्हायला हवा. अहवालातली पाळी मात्र सोलापूरच्या सकाळी सातलाच सुरू झालेली दिसायला हवी. ती साडेपाचला सुरू झाली असं दाखवलं तर मुकादमाला फोन जाईल. दोन्ही ठिकाणी वेळ दाखवणारी लायब्ररी एकच. कुठे नवा झोन घ्यायचा आणि कुठे जुनाच ठेवायचा, हे तिला कळायला काहीच मार्ग नाही. ते अ‍ॅप लिहिणाऱ्यालाच माहीत असतं. म्हणून झोन ही बाहेरून दिली जाणारी माहिती माना. हवेतून उचलू नका.

यातून काही नियम निघतात आणि त्यांवर मी ठाम आहे.

लायब्ररीने प्रोसेसचा डिफॉल्ट झोन कधीही बदलू नये, क्षणभर बदलून परत पूर्ववत करण्यासाठीसुद्धा नाही. जावातला सेटडिफॉल्ट अख्ख्या जेव्हीएमला लागू होतो. तुमच्या त्या क्षणभरात दुसऱ्या थ्रेडवर कोणाचं तरी बिल छापलं जात असेल, तर त्यावर चुकीची वेळ पडते आणि ती चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही. सी मध्ये तर याहून वाईट: एक थ्रेड सेटएन्व्हने टीझेड बदलत असताना दुसरा तो वाचत असेल, तर प्रोग्रॅम कोसळू शकतो. रस्टमधल्या क्रोनो आणि टाइम या दोन प्रसिद्ध लायब्ररींवर याच कारणाने सुरक्षेच्या सूचना निघाल्या होत्या. क्रोनोने मग लोकलटाइम-आर सोडून झोनची फाइल स्वतः वाचायला सुरुवात केली, आणि टाइमने अनेक थ्रेड चालू असताना स्थानिक झोन सांगायलाच नकार देणं पत्करलं. दोघांनीही दुखणं मुळाशी धरलं.

वेळेला झोन लागतो अशा प्रत्येक फंक्शनला झोन देता आला पाहिजे. सोयीसाठी झोन न मागणारं फंक्शन ठेवायला हरकत नाही, पण त्याने सिस्टिमचा झोन प्रत्येक बोलावण्यावर विचारावा, लायब्ररी लोड होताना एकदा नव्हे. स्टॅटिक फायनल व्हेरिएबलमध्ये ठेवलेला झोन हा अशा लायब्ररींतला सगळ्यांत सामान्य दोष. जावात क्लॉक ऑब्जेक्ट बाहेरून घेतलात तर वेळ आणि झोन दोन्ही एकत्र येतात आणि टेस्टही सोपी होते.

वेगासाठी कॅशे हवाच असेल तर त्याची किल्ली झोनचं नाव असू द्या. भारताच्या झोनचं नाव एशिया/कोलकाता आहे; कोलकात्याचा फॉरमॅटर कोलकात्याच्या नावाखाली, दुबईचा दुबईच्या. झोन बदलला तर वेगळी किल्ली लागेल आणि जुनं काही चुकून वापरलं जाणार नाही. सिस्टिमचा झोनच कॅशेत ठेवायचा असेल तर क्रोनोसारखं करा: जवळची प्रत एका सेकंदाहून जुनी झाली की टीझेड आणि फाइल बदलली का, ते ती पाहते.

आणि तुमची लायब्ररी झोन कधी वाचते, कधी पुन्हा वाचते, हे कागदपत्रांत एका वाक्यात लिहा. हे एक वाक्य नसल्यामुळे वरचे तीन प्रश्न विचारले जातात.

७. डॉकरमध्ये टाकल्यापासून सगळ्या वेळा साडेपाच तास मागे दिसतात. लॅपटॉपवर बरोबर होत्या.

कंटेनरला होस्टचा झोन मिळत नाही. बहुतेक इमेज यूटीसीवर असतात. टीझेडमध्ये एशिया/कोलकाता द्या. तरीही फरक पडला नाही तर इमेजमध्ये झोनची माहितीच नसेल. अल्पाइनच्या मूळ इमेजमध्ये टीझेडडेटा पॅकेज नसतं आणि अशा वेळी नाव न सापडल्याची तक्रार न करता बरेच प्रोग्रॅम गुपचूप यूटीसी धरतात. पॅकेज बसवा. गोमध्ये १.१५ पासून ही माहिती प्रोग्रॅममध्येच बांधून देता येते.

माझं मत विचाराल तर सर्व्हर यूटीसीवरच राहू द्या आणि कोडमध्ये झोन स्पष्ट लिहा. मग सर्व्हर कोणत्या झोनवर आहे याने काही बिघडत नाही.

८. एशिया/कॅलकटा आणि एशिया/कोलकाता यांत काय फरक? पोस्टग्रेस एकाला नकार का देतं?

दोन्ही एकच झोन. कोलकाता हे आजचं नाव, कॅलकटा हे जुनं, आता फक्त लिंक म्हणून ठेवलेलं. मात्र जुनं नाव अजून बऱ्याच ठिकाणांहून बाहेर पडतं. विंडोजमध्ये या झोनचं नाव 'इंडिया स्टँडर्ड टाइम' आहे आणि जावा त्याचं भाषांतर एशिया/कॅलकटा असं करते. क्रोम ब्राउझरही बहुधा हेच नाव देतो, फायरफॉक्स कोलकाता देतो.

जावाचा पोस्टग्रेस ड्रायव्हर जोडणी करताना जेव्हीएमचा झोन सर्व्हरला कळवतो. डेबियन आणि उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांनी जुनी नावं टीझेडडेटा-लेगसी या वेगळ्या पॅकेजात हलवली आहेत. ते पॅकेज नसलेल्या सर्व्हरला कॅलकटा हे नाव माहीतच नसतं आणि जोडणी 'टाइमझोनची किंमत चुकीची' म्हणून तुटते. पासवर्ड, पोर्ट, फायरवॉल सगळं तपासून मुलं थकतात, आणि कारण हे निघतं. उपाय: जावा सुरू करताना यूजर-टाइमझोनमध्ये एशिया/कोलकाता द्या किंवा सर्व्हरवर ते पॅकेज बसवा.

तुमच्या लायब्ररीत झोनच्या नावांची तुलना अक्षरांनी करू नका. कॅलकटा आणि कोलकाता वेगळे मानणारा कोड भारतात हमखास चुकतो.

९. झोनच्या जागी नुसतं आयएसटी किंवा +०५:३० लिहिलं तर चालेल का?

आयएसटी नको. भारत, आयर्लंड आणि इस्रायल तिघेही ही तीन अक्षरं वापरतात आणि कोणती लायब्ररी कोणता अर्थ घेईल याचा भरवसा नाही. लॉगमध्ये घडून गेलेल्या घटनेला +०५:३० उत्तम, त्यात शंका राहत नाही. पण झोन म्हणून साठवायला नाव हवं, कारण नुसत्या फरकावरून नियम कळत नाहीत.

टीझेडमध्ये हाताने फरक लिहायचा झाला तर पॉझिक्सच्या पद्धतीत चिन्ह उलटं असतं: भारतासाठी आयएसटी-५:३०, उणे चिन्हासह. अधिक लिहिलंत तर अकरा तासांचा घोळ होतो.

१०. पायथनमध्ये कोलकात्याचा झोन लावला तर फरक ५:३० ऐवजी ५:५३ येतो. लायब्ररीच चुकली का?

पायटीझेड वापरताय आणि तिचा झोन थेट डेटटाइमच्या टीझेडइन्फोमध्ये दिलात, म्हणून असं झालं. या झोनच्या इतिहासात सगळ्यांत जुनी नोंद कोलकात्याच्या स्थानिक सौर वेळेची आहे, सुमारे ५ तास ५३ मिनिटं. पायटीझेड असा थेट लावलेला झोन त्या पहिल्या नोंदीवर ठेवते. तिचं लोकलाइझ हे फंक्शन वापरा म्हणजे तारखेनुसार नोंद निवडली जाते. नवा कोड लिहीत असाल तर झोनइन्फोच घ्या; तिथे थेट लावलेलं चालतं.

११. जन्मतारीख सेव्ह केली की एक दिवस मागे जाते. का?

कारण तारखेला तुम्ही वेळ बनवलं. १५ ऑगस्टची मध्यरात्र भारतीय वेळेत घेतली आणि यूटीसीत नेली की १४ ऑगस्टचे सायंकाळचे साडेसहा होतात. मग कोणीतरी त्यातून फक्त तारीख कापून घेतं. जावास्क्रिप्टमध्ये हा प्रकार रोज दिसतो, कारण तिथे टूआयएसओस्ट्रिंग नेहमी यूटीसी देतं.

जन्मतारीख, बिलाची तारीख, सुट्टीचा दिवस यांना झोन नसतो. त्यांच्यासाठी फक्त तारखेचा प्रकार वापरा: जावात लोकलडेट, डेटाबेसमध्ये डेट. वजनकाट्याच्या पावतीला मात्र वेळ आणि झोन दोन्ही लागतात (प्रश्न २).

१२. सर्व्हरचा झोन बदलला तर डेटाबेसमधल्या जुन्या वेळा बिघडतील का?

कॉलम कोणत्या प्रकारचा आहे त्यावर ठरतं. पोस्टग्रेसमध्ये 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' असं नाव असलं तरी झोन साठवला जात नाही. वेळ यूटीसीत नेऊन ठेवली जाते आणि वाचताना सेशनच्या झोनमध्ये दाखवली जाते. म्हणजे दिसणारी वेळ बदलेल, साठवलेली नाही. 'विदाउट टाइम झोन' असेल तर जे लिहिलं तेच अक्षरशः राहतं आणि ते कोणत्या झोनचं होतं हे तुमच्या आठवणीवर सोडलेलं असतं. शिवाय पोस्टग्रेसचा झोन त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये असतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा झोन बदलला म्हणून तो बदलत नाही.

मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प यूटीसीत जातो, डेटटाइम जसाच्या तसा राहतो. सर्व्हर सिस्टिमचा झोन सुरू होताना एकदा वाचतो. एशिया/कोलकाता असं नाव वापरायचं तर झोनची टेबलं आधी भरावी लागतात. +०५:३० ला तसं काही लागत नाही.

झोन बदलण्याआधी प्रत्येक टेबलातला हा फरक कागदावर लिहून काढा. बदलानंतर नव्या आणि जुन्या नोंदी एकाच डेटटाइम कॉलममध्ये मिसळल्या की त्या वेगळ्या करणं फार कष्टाचं असतं.

१३. झोन बदलल्यावर क्रॉनची कामं जुन्या वेळेलाच होतात.

क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सर्व्हिस) पुन्हा सुरू करा. क्रॉन हाही शेवटी झोन धरून बसलेला एक प्रोग्रॅमच (प्रश्न ३). सिस्टिमडीचे टायमर झोन बदलल्यावर स्वतः नव्याने हिशेब करतात आणि त्यांच्या ऑनकॅलेंडरमध्ये झोनचं नावही लिहिता येतं.

१४. जर्मनीतल्या ग्राहकाबरोबर दर सोमवारी ठरलेला कॉल आहे. आम्ही वेळ यूटीसीत साठवली, तरी मार्चनंतर तासाने चुकली. यूटीसी तर सुरक्षित ना?

घडून गेलेल्या घटनेसाठी सुरक्षित. पुढे ठरलेल्या वेळेसाठी नाही. जर्मनी मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासाने पुढे नेते, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणते. आपला फरक हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. ग्राहकाने 'सकाळी १०' म्हटलं असेल तर साठवायचं तेच: १० वाजता, युरोप/बर्लिन. यूटीसीत रूपांतर कॉलच्या अगदी आधी करा.

आणखी एक कारण आहे. नियम बदलू शकतात. घड्याळ बदलायची पद्धत बंद करावी असा कौल युरोपियन संसदेने २०१९ मध्ये दिला. सदस्य देशांत अजून ती चालूच आहे. उद्या ती थांबली तर आज यूटीसीत गोठवलेल्या सगळ्या वेळा चुकतील. नावासह साठवलेल्या वेळा नव्या नियमाने बरोबर येतील.

त्या दोन रविवारी रात्री अडीचची वेळ मार्चमध्ये अस्तित्वातच नसते आणि ऑक्टोबरमध्ये दोनदा येते. जावा दोनदा आलेल्या वेळेत आधीची घेते, आणि नसलेली वेळ तेवढीच पुढे ढकलते. पायथनमध्ये फोल्ड या किमतीने कोणती हवी ते सांगता येतं. तुमची लायब्ररी काय निवडते हे ठरवा आणि लिहून ठेवा.

१५. झोनचे नियम कुठून येतात? ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट केली की झालं ना?

नियमांचा डेटाबेस आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केला, पॉल एगर्ट बरीच वर्षं तो सांभाळत आहेत, आणि २०११ पासून तो आयएएनए या इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आहे. जगात कुठलं तरी सरकार नियम बदलत असतं. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतांश भागात घड्याळ बदलणं बंद केलं, इजिप्तने २०२३ मध्ये पुन्हा सुरू केलं. सामोआने तर २०११ च्या डिसेंबरमधली ३० तारीख वगळूनच टाकली. आपल्या शेजारीही बदल झाले आहेत: नेपाळ १९८६ पासून ५:४५ वर आहे, श्रीलंका २००६ मध्ये ५:३० वर परत आली.

फक्त ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट करून भागत नाही. जावाजवळ नियमांची स्वतःची प्रत असते, ब्राउझरजवळ असते, विंडोजवर पायथनसाठी टीझेडडेटा पॅकेज वेगळं लागतं. एकाच मशीनवर दोन प्रोग्रॅम एकाच शहराची वेगवेगळी वेळ सांगत असतील, तर कोणाची प्रत कितवी आहे ते पाहा. चालू प्रोसेसने वाचलेले नियमही कॅशेतच असतात, त्यामुळे अपडेटनंतर ती पुन्हा सुरू करा.

१६. एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू आहेत. दर वेळी साडेपाच तासांचा फरक पडतो. झोन तर दोन्हीकडे बरोबर आहे.

झोन बरोबरच आहे, घड्याळ चुकतंय (प्रश्न १). मदरबोर्डवरचं घड्याळ लिनक्स यूटीसी मानतं, विंडोज स्थानिक वेळ मानतं. टाइमडेटसीटीएलच्या सेट-लोकल-आरटीसीने लिनक्सला विंडोजची पद्धत शिकवता येते, किंवा रजिस्ट्रीतून विंडोजला यूटीसीची. एकच काहीतरी करा, दोन्ही नको.

१७. झोन बदलाची टेस्ट कशी लिहायची? आमच्या सगळ्या टेस्ट पास होतात.

सगळ्या टेस्ट एशिया/कोलकातामध्ये चालत असतील तर त्या पास होणारच. तोच संच यूटीसी, एशिया/काठमांडू, अमेरिका/न्यूयॉर्क आणि ऑस्ट्रेलिया/लॉर्ड हाउ अशा झोनमध्ये चालवा. लॉर्ड हाउ बेटावर घड्याळ अर्ध्याच तासाने बदलतं आणि 'फरक नेहमी एक तासाचा' असं धरणारा कोड तिथे लगेच उघडा पडतो.

मग एक टेस्ट अशी लिहा जी प्रोसेसच्या मध्येच झोन बदलते: आधी वेळ छापा, झोन बदला, कॅशे साफ करा, पुन्हा छापा. ही टेस्ट स्वतंत्र प्रोसेसमध्ये ठेवा, नाहीतर ती बाकीच्यांना बिघडवते. भारतीय कामासाठी आणखी एक: रात्री १२ ते ५:३० मधली एक वेळ आणि ५:३० नंतरची एक वेळ, दोन्हींची तारीख तपासा. पाळीचा कालावधी मोजत असाल तर मोनोटॉनिक, म्हणजे कधीच मागे न जाणारं, घड्याळ वापरा. झोन बदलो वा कोणी घड्याळ हाताने फिरवो, त्यावर परिणाम होत नाही. फक्त मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ते पहिल्यापासून मोजू लागतं, म्हणून पाळीची सुरुवात यूटीसीतही नोंदवा.

१८. आम्ही पत्रिकेचं सॉफ्टवेअर करतो. १९४३ सालचा जन्म टाकला की लग्न (कुंडलीतली जन्मवेळची उगवती रास) चुकतं असं ज्योतिषी सांगतात.

सोलापूर पंचांगकर्त्यांचं गाव, त्यामुळे हा प्रश्न इथे खूप येतो. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारताची घड्याळं तासाने पुढे, म्हणजे ६:३० वर होती. झोनच्या डेटाबेसमध्ये हे आहे. तुम्ही नाव वापरलं तर ६:३० येईल, +०५:३० लिहिलं तर एक तास चुकेल, आणि लग्न साधारण दोन तासांत बदलत असल्याने तो तास महागात पडतो.

उलट चूकही होते. घरच्यांनी सांगितलेली वेळ घड्याळातली होती की युद्धापूर्वीच्या हिशेबाने सांगितलेली, हे कोणती लायब्ररी ठरवू शकत नाही. भारतीय प्रमाण वेळ १९०६ मध्ये आली तरी कोलकात्याने आपली वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत चालू ठेवली होती. मुंबईची ती वेळ ४ तास ५१ मिनिटांची होती, आणि एशिया/कोलकाता या नावाखाली ती मिळत नाही. हा डेटाबेस मुळात १९७० नंतरच्या वेळांसाठी आहे. त्याआधीचं त्यात शक्य तेवढं भरलेलं आहे. प्रमाण वेळेची रेषा ८२.५ अंशांवरून जाते आणि सोलापूर ७५.९ च्या आसपास, म्हणून इथली स्थानिक सौर वेळ घड्याळाच्या सुमारे २६ मिनिटं मागे असते. ही वजाबाकी झोन लायब्ररीवर टाकू नका, रेखांशावरून वेगळी करा. १९५५ पूर्वीच्या जन्मासाठी स्क्रीनवर एक खाना वाढवा: वेळ कोणत्या घड्याळाची, हे ज्योतिषाला स्वतः निवडू द्या.